कासवीची नजर

मुलांनो, आमच्या नगर जिल्ह्यात समुद्र सोडून बहुतेक सगळं आहे. कळसूबाईचं शिखर आहे, भंडारदऱ्याचं धरण आहे, रेहेकुरीला काळविटं आहेत, नगरला भुईकोट किल्ला आहे. (आता जिल्ह्याला अहिल्यानगर म्हणायचं. २०२४ साली नाव बदललं, पण एस.टी.च्या रांगेत अजून सगळे 'नगर'च म्हणतात.) समुद्र मात्र नाही. मी शेवगावची. आमच्याकडून कोकणचा किनारा गाठायचा म्हणजे पावणेचारशे किलोमीटरची मजल.

तरीसुद्धा शेवगावात एक समुद्र होता, आणि तो चक्क आमच्या मालकीचा होता!

माझ्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, फोटो स्टुडिओ होता. दहा बाय बाराची खोली, एक स्टूल, दोन मोठे दिवे आणि मागच्या भिंतीवर रंगवलेला पडदा. त्या पडद्यावर निळंशार पाणी, वाकलेली दोन नारळाची झाडं, शिडाचं होडकं आणि कोपऱ्यात मावळणारा लालबुंद सूर्य. गावात टँकर आलेला असायचा, घागरींची रांग लागलेली असायची. आणि त्याच रांगेतून उठून कोणी नवं जोडपं यायचं, केस नीट करायचं आणि समुद्रापुढे उभं राहायचं. तालुक्यातल्या किती घरांत तो समुद्र भिंतीवर टांगलेला असेल याचा हिशेब नाही. माझ्या आईचाही लग्नानंतरचा पहिला फोटो तिथलाच. डोक्यावर पदर, हातात प्लॅस्टिकचं फूल, मागे लाटा.

आईला आता आमच्या घरात सगळेच आजी म्हणतात. मुलं झाल्यापासून मीही तेच म्हणते. तर आजीला अण्णा नेहमी म्हणायचे, "एकदा तुला खरा दाखवीन." पण लग्नसराईत त्यांना सुट्टी नाही आणि लग्नसराई नसली की हातात पैसे नाहीत. २०१९ साली अण्णा गेले. खरा समुद्र राहिलाच.

त्यांचा कॅमेरा माझ्याकडे आला. रोल भरायचा, जुना, जड कॅमेरा. आजकाल तुम्ही मोबाइलवर एका दुपारी दोनशे फोटो काढता ना? रोलमध्ये छत्तीसच असायचे. बटण दाबलं की एक गेला. बरा आला की वाईट, ते रोल धुतल्यावर कळायचं. त्यामुळे अण्णांचा मला एकच धडा होता : "आधी बघ, मग दाब." खंडेनवमीला शेतकरी जशी औतं पुजतात, तसं ते कॅमेऱ्याला हळदकुंकू लावत आणि झेंडूचं फूल वाहत. रोजचा पहिला फोटो काढण्याआधी कॅमेरा क्षणभर कपाळाला टेकवत. लहानपणी मला त्याचं हसू यायचं. "अण्णा, यंत्राला काय पाया पडायचं?" ते म्हणायचे, "यंत्राला नाही गं. समोर जे येणार आहे ना, त्याला."

हे कळायला मला पंचेचाळीस वर्षांची व्हावं लागलं. ते कसं, तेच सांगते.

२०२४ च्या मार्चमध्ये होळी रविवारी आली आणि धुळवड सोमवारी. शनिवार धरून तीन दिवस मिळाले. थोरली आठवीत, धाकटा पाचवीत. आम्ही ठरवलं, आजीला समुद्र दाखवायचा. आणि दाखवायचाच तर वेळासचा, कासवांचा. वेळास हे रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातलं छोटं गाव. नाना फडणविसांचं हे मूळ गाव, बरं का! त्यांना दौलतराव शिंद्यांनी १७९७ च्या अखेरीस पकडलं आणि आमच्या नगरच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं. म्हणजे वेळासचा माणूस कैदी म्हणून नगरला आला आणि आम्ही नगरचे सुट्टीला वेळासला निघालो. इतिहासात अशा गमती असतात.

मी पुण्याहून एक रोल मागवला. एकच, कारण आता रोल भलताच महाग झालाय. थोरलीकडे तिच्या बाबांचा मोबाइल होता. आजीनं पिशवीत लाडू, चिवडा, गुडघ्याचं तेल आणि एक छोटी बाटली घेतली. बाटलीत मुंगीहून भरून आणलेलं गोदावरीचं पाणी. "समुद्राला जायचं तर हात हलवत कसं जायचं?" असं तिचं म्हणणं.

पहाटे चारला निघालो. नगर, पुणे, ताम्हिणीचा घाट, माणगाव, म्हसळा करत दुपारी हरिहरेश्वरला पोचलो. भरती होती, म्हणून खडकांवरून जाणाऱ्या प्रदक्षिणेच्या वाटेला गेलो नाही. देवळात दर्शन घेतलं आणि बाहेर आल्यावर आजीला पाण्यासमोर उभं केलं. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघतोय. मी कॅमेरा तयार ठेवलेला. डोळ्यांत पाणी येईल, हात जोडेल, असं काहीतरी होईल आणि आपण ते टिपू.

आजी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "पडद्यावरचा निळा व्हता. ह्यो तर मातकट हाये की!"

मुलं खो खो हसली. मग तिनं ओंजळभर पाणी घेऊन जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "एवढं पाणी, आन् हंडाभर बी कामाचं न्हाई." दुष्काळी मुलखातलं माणूस पाण्याकडे आधी त्याच नजरेनं बघतं. माझे दोन फोटो तिथे खर्ची पडले. दोन्हींत ती कपाळाला आठ्या घालून उभी आहे.

बागमांडल्याहून गाडी फेरीबोटीत चढवून सावित्रीची खाडी ओलांडली. पलीकडे वेसवी, आणि तिथून थोडं पुढे वेळास. एका घरी उतरलो. कौलारू घर, शेणानं सारवलेलं अंगण, आणि ताटात कुळथाचं पिठलं. घरच्या काकूंनी आजीशी दहा मिनिटांत अशी मैत्री केली की आम्ही बाजूलाच पडलो.

आता वेळासच्या कासवांबद्दल. ही ऑलिव्ह रिडले जातीची कासवं. मादी नोव्हेंबर ते मार्चच्या सुमाराला रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी वाळूत हात-दीड हात खोल खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजवते आणि परत जाते. टेबल टेनिसच्या चेंडूसारखी पांढरी अंडी. पूर्वी ही अंडी कोल्हे-कुत्री उकरायची आणि माणसंही नेऊन खायची, विकायची. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेनं, म्हणजे भाऊ काटदरे आणि त्यांच्या सोबत्यांनी, इथे काम सुरू केलं. गावकऱ्यांनाच सोबत घेतलं. अंडी काढून, तेवढ्याच खोलीचा खड्डा करून, कुंपणाच्या आत ती पुन्हा पुरायची आणि पिल्लं निघाली की समुद्राकडे सोडायची. २००६ पासून लोकांनी हे बघायला यावं म्हणून कासव महोत्सव सुरू झाला. जे गाव अंडी खायचं तेच गाव अंडी राखायला लागलं. कोकणातल्या इतर किनाऱ्यांवरही आता हे काम होतं. वनखातं आणि कांदळवन प्रतिष्ठान त्यात आहेत.

पण एक गोष्ट कोणी सांगू शकत नाही : पिल्लं कधी निघणार! अंडी घातल्यापासून पन्नास दिवसांच्या आगेमागे. वाळू तापलेली असली तर लवकर, गार असली तर उशिरा. शनिवारी संध्याकाळी सहाला आम्ही किनाऱ्यावर दोरीच्या मागे उभे राहिलो. शंभरेक माणसं असतील. कासवमित्रानं (राखण करणाऱ्या मुलांना तिथे कासवमित्र म्हणतात) कुंपणात जाऊन घरट्यावर उपडी घातलेली टोपली उचलली. खाली नुसती वाळू. दुसरी उचलली. वाळू. तो बाहेर आला आणि म्हणाला, "आज नाही हो. उद्या सकाळी सातला बघू."

लोक हिरमुसले. आमच्या शेजारचे एक गृहस्थ चिडून म्हणाले, "एवढे पैसे खर्चून आलो!" आजी त्यांच्याकडे वळून म्हणाली, "अवो, बाळंतीण काय तुमचं रिझर्व्हेशन बघून बाळंत व्हती का?" त्यांनाही हसू आलं.

रविवारी सकाळीही वाळूच निघाली.

आता खरं सांगायचं तर माझाही धीर सुटत चालला होता. उद्या सोमवार, परत निघायचं. हातात एकोणीस फोटो शिल्लक आणि दाखवण्यासारखा एकही नाही. ओहोटीमुळे समुद्र लांब गेलेला. ओल्या वाळूवर आभाळ उतरलेलं. बारक्या खेकड्यांनी वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या करून बिळाभोवती नक्षी मांडलेली, अगदी ठिपक्यांची रांगोळी. धाकटा पोटावर झोपून ती बघत होता. असं पाच मिनिटं न हलता पडलं की खेकडा बाहेर येतो, वाळू तोंडात घेतो, तिच्यातलं खाणं वेचतो आणि उरलेली गोळी करून बाजूला ठेवतो. त्याचे मी चार फोटो काढले. ते चांगले आले, हे आता सांगते.

आणि मग पुढे, पाण्याच्या कडेला, पक्ष्यांचा मोठा थवा दिसला. कुरव पक्षी असतील शंभर-सव्वाशे. पांढरे, डोकी काहींची तपकिरी व्हायला लागलेली. त्यांच्या पायांशी चिमुकल्या चिखल्या तुरुतुरु पळत, थांबत, टिपत होत्या. बहुतेक कुरव एकाच दिशेला तोंड करून, वाऱ्याला सामोरे, एका पायावर उभे. शांत. मला वाटलं, उभ्या पक्ष्यांचा काय फोटो? सगळा थवा एकदम उडाला तर! निळं आभाळ, पांढरे पंख, खाली पाणी!

मी धाकट्याला म्हटलं, "पळ रे! पळत जा त्यांच्यात. उडव सगळ्यांना!"

पोरगं काय, सांगायचीच खोटी. हात पसरून, ओरडत धावलं. थवा एकदम उठला. पंखांचा केवढा आवाज! मी खटाखट बटण दाबत सुटले. अण्णांचा 'आधी बघ' कुठल्या कुठे गेला. आठ-नऊ फोटो गेले असतील. पक्षी गोल फिरले, उतरायला लागले, तर मी पुन्हा म्हटलं, "अजून एकदा!"

तेवढ्यात मागून आजीचा आवाज आला. माझ्या लहानपणीचा, स्टुडिओतला. "थांब गं! पंगतीत बसलेल्याला कुणी उठवतं का?"

धाकटा जागच्या जागी थांबला. मीही थांबले.

आजी वाळूत पाय रोवत जवळ आली. रागावली नव्हती. म्हणाली, "आपल्या दारी कुणी जेवाया बसलं, तर कुत्र्याला बी हाकलीत न्हाई आपुन. त्यांनी तुजं काय घेतलं व्हतं?"

मला उत्तर सुचेना. थोरली मात्र पाखरांच्या पुस्तकात बोट घालून उभी होती. ती हळूच म्हणाली, "आई, यांना आता लांब जायचंय. इथून लडाख, तिबेट." आणि ते खरंच आहे. हिवाळाभर आपल्या किनाऱ्यांवर आणि आमच्या नाथसागरासारख्या जलाशयांवर राहिलेले हे पक्षी उन्हाळा लागला की उत्तरेला घरटी करायला जातात. तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटच्या तळ्यांवर, या चिखल्याही हिमालयापलीकडे. जाण्याआधीच्या या दिवसांत खायचं, विश्रांती घ्यायची आणि अंगात चरबी साठवायची, एवढंच त्यांचं काम. तीच त्यांची वाटेची शिदोरी. आपण एकदा उडवलं की त्यातली थोडी खर्च झाली. दिवसभरात असे वीस पर्यटक आले तर?

नाथसागराच्या काठी वाढलेली मी. तिथे कोणी रोहित पक्ष्यांच्या थव्यावर गाडी घातली की बडबडणारी मी! आणि इथे मीच माझ्या लेकाला "पळ" म्हटलं होतं. दिवसभर मी कॅमेरा पिशवीतून काढला नाही.

त्या संध्याकाळीही पिल्लं निघाली नाहीत. माणसं पांगली. आम्ही वाळूवर बसून राहिलो, तर तो कासवमित्र येऊन टेकला. विशी-बाविशीचा पोरगा. पहाटे तीन-चारला उठून तो मैलोन् मैल किनारा चालतो. मादीच्या चालण्याची ट्रॅक्टरच्या टायरसारखी नक्षी वाळूवर उमटते, ती शोधायची. कोल्ह्याच्या आधी घरट्याशी पोचायचं. मुलांनी त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडलं.

"पिल्लं हातानं उचलून पाण्यात का नाही सोडत?"

"चालू द्यावं लागतं त्यांना. ही वाळू, हे पाणी त्यांच्या ध्यानात राहतं. मोठ्या झालेल्या माद्या अंडी घालायला पुन्हा याच भागात येतात, असं शास्त्रज्ञ सांगतात."

"फ्लॅश का नाही मारायचा?"

"पिल्लू उजेडाकडे जातं. समुद्राकडचं आभाळ उजळ असतं, म्हणून ते तिकडे चालतं. तुम्ही इकडून उजेड पाडलात तर ते तुमच्याकडे येणार."

"किती जगतात?"

तो जरा थांबला. "हजारातलं एखादं मोठं होतं म्हणतात."

धाकटा गप्प झाला. मग त्यानं विचारलं, "आणि त्यांची आई? ती कुठे असते?"

"ती अंडी घालून त्याच रात्री जाते. परत बघायला येत नाही. पिल्लं तिला भेटतच नाहीत."

आजी इतका वेळ पाय चेपत ऐकत होती. ती एकदम म्हणाली, "असं कसं?"

तुम्हाला माहीत असेल, आपल्या देवळांत गाभाऱ्यासमोर जमिनीत दगडी कासव असतं. आजी आयुष्यभर त्या कासवाला हात लावून मग देवापुढे गेलेली. आणि कीर्तनांत तिनं ऐकलेलं, की कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, पंखाखाली घेत नाही; ती लांबून नुसती बघते आणि त्या नजरेवर पिल्लं वाढतात. संतांनी देवाच्या मायेला ही उपमा पुन्हा पुन्हा दिली आहे. आजीच्या लेखी ती उपमा नव्हती, खरी गोष्ट होती. आणि हा पोरगा म्हणतोय, आई बघतच नाही!

बिचारा कासवमित्र ओशाळला. "आजी, पुस्तकात असंच आहे. आणि आम्हीही इतकी वर्षं बघतोय."

आजी समुद्राकडे बघत राहिली. अंधार पडत होता. बऱ्याच वेळानं तिनं त्याला विचारलं, "मंग राती ह्या टोपल्यांकडं कोण बघतं?"

"आम्ही. पाळीपाळीनं येऊन बघतो."

"थंडीत बी?"

"हो."

"किती दिस?"

"निघेपर्यंत. पन्नास दिवस, कधी साठ."

"मंग हाये की नजर," आजी म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

रात्री गावात होळी पेटली. ढोल वाजत होते, मुलं बोंबा मारून आली. मी मात्र अंथरुणावर पडून रोलचा आकडा मोजत होते. सहा फोटो राहिले होते.

सोमवारी पहाटे आम्ही सव्वासहालाच किनाऱ्यावर होतो. पौर्णिमेचा चंद्र समोर समुद्रावर मावळत होता आणि पाठीमागे डोंगराआड उजाडत होतं. अण्णांच्या पडद्यावर सूर्य मावळायचा. चंद्रही समुद्रात मावळतो हे आजीला नवीन होतं आणि, लाज वाटते, पण मलाही. मी कॅमेरा बाहेर काढला. कपाळाला टेकवला. थोरलीनं बघितलं, पण ती हसली नाही.

चंद्राचा एक फोटो. पाच उरले.

सातला टोपली उचलली आणि कासवमित्रानं मान वर करून आमच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं. वाळू हलत होती! खालून कोणीतरी ढकलावं तशी. मग एक काळं डोकं, एक चिमुकलं वल्हं, मग एकावर एक चढत बाकीची. तेवीस होती. काडेपेटीएवढी. ती टोपलीतून पाण्याच्या दिशेला, पण पाण्यापासून बरीच अलीकडे सोडली.

दोरीमागून माझ्या कॅमेऱ्यातून ती ठिपक्यांसारखी दिसत होती. फोटोत काही येणार नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी एक काढला, कारण न काढणं जमलं नाही. मग कॅमेरा खाली केला आणि नुसतं बघितलं. पिल्लू चार पावलं चालतं, थांबतं, मान उचलतं. माणसाच्या पावलाचा खळगा त्याला खड्डा वाटतो. त्यात पडतं, धडपडतं, चढतं. पहिली लाट येते, ती त्याला उलटी दोन हात मागे फेकते. पुन्हा चालतं. दुसरी लाट येते आणि वाळू रिकामी.

कोणाच्या तरी मोबाइलचा फ्लॅश उडाला. कासवमित्र ओरडला, लोकांनीही त्या माणसाला दटावलं. पण शेवटचं एक पिल्लू थबकलं आणि वळून दोरीच्या दिशेला, आमच्याकडे यायला लागलं. फ्लॅशमुळेच वळलं की आणखी कशामुळे, कोण जाणे. शंभर माणसं श्वास धरून उभी. त्याला हात लावायचा नाही, आवाज करायचा नाही. धाकट्यानं माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. "आई, सांग ना त्याला!" तो कुजबुजला. मी काय सांगणार? पाच-सात पावलं आल्यावर ते थांबलं. मान वर केली. किती वेळ थांबलं असेल? मला तो फार वाटला. मग ते हळूहळू फिरलं आणि समुद्राकडे निघालं.

मी बाजूला बघितलं. आजीनं दोन्ही हात पिल्लाच्या दिशेनं ओवाळल्यासारखे केले आणि कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. जशी ती आमची दृष्ट काढते, नातवंडांची काढते, तशी. तिला कॅमेरा दिसत नव्हता, मी दिसत नव्हते. मी आधी बघितलं. मग बटण दाबलं.

पिल्लू लाटेत गेल्यावर आजी बाटली घेऊन पाण्याच्या कडेला गेली आणि गोदावरी समुद्रात ओतली. धाकट्याला नुकताच भूगोलात नद्यांचा धडा झालेला. तो म्हणाला, "आजी, हा अरबी समुद्र आहे. आपली गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते. पलीकडे!"

"असंल," आजी म्हणाली. "पानी काय भिंत घालून ठिवलंय का मधी?"

रोल धुऊन यायला तीन आठवडे लागले. उडणाऱ्या कुरवांच्या नऊ फोटोंत एकही धड नाही. एकात नुसतं आभाळ, एकात अर्धा पंख, एकात धाकट्याची पाठ आणि पुढे पळणारी भेदरलेली पाखरं. तो मी अल्बममध्ये लावला आहे, मुद्दाम. खेकड्यांची रांगोळी छान आली. पिल्लांच्या फोटोत, सांगितलं नाही तर, वाळूवर तीळ सांडल्यासारखं वाटतं. आणि शेवटी आजीचा : कानशिलावर वळलेली बोटं स्पष्ट, बांगड्या स्पष्ट, मागचा समुद्र धूसर निळा, पडद्यासारखा.

अण्णांची एक रीत होती. ज्याचा फोटो काढला त्याच्या हातात पहिली प्रत गेली पाहिजे, मग आपली. मी टोपली उचलणाऱ्या कासवमित्राचा फोटो त्याला पाठवला, काकूंचा काकूंना. कुरवांना काय पाठवणार?

गंमत याच्या पुढेच आहे. २०२२ च्या जानेवारीत वेळासच्याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारं यंत्र बसवलं होतं. तिचं नाव ठेवलं 'प्रथमा'. ही कासवं जातात कुठे ते कळावं म्हणून. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑलिव्ह रिडले मादीला असं यंत्र बसवण्याची ती पहिलीच वेळ. थोरलीनं तेव्हापासून कासवांच्या बातम्यांची वही केली आहे. २०२५ च्या सुरुवातीला एक दिवस ती पेपर घेऊन धावतच स्वयंपाकघरात आली. गुहागरच्या किनाऱ्यावर जानेवारीत एक मादी अंडी घालायला आली होती, आणि तिच्या वल्ह्यावर खुणेचा बिल्ला होता. तो बिल्ला २०२१ साली ओडिशात लावलेला! म्हणजे बंगालच्या उपसागरातलं कासव, भारताचं टोक वळसा घालून, कोकणात अंडी घालायला आलं होतं.

आजी भाकरी थापत होती. थोरलीनं बातमी पुन्हा सावकाश वाचून दाखवली. धाकट्यानं नकाशाचं पुस्तक आणलं आणि ओडिशावर बोट ठेवून किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली सरकवायला लागला.

"वाटंत गोदावरी लागती का बघ," आजी म्हणाली.

बोट आंध्रच्या किनाऱ्यावर आलं आणि थांबलं.

"लागते," धाकटा म्हणाला.

आजीनं भाकरी उलटली.